तळीरामाच्या शेवया आणि तीळवाली ताई

या सदराकडे गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे थायलंडच्या एकाच पदार्थाभोवती फिरणारी निघाली, म्हणून या वेळी ती एकत्र घेतली आहेत. पुण्यातील थाई उपाहारगृहांच्या मेनूकार्डावर हा पदार्थ ‘ड्रंकन नूडल्स’ किंवा ‘पॅड खी माओ’ या नावाने आढळतो: तांदळाच्या रुंद नूडल्स, भरपूर लसूण आणि मिरची, कोलंबी किंवा चिकन, आणि शेवटी मूठभर सुगंधी पाने.

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला आम्ही घरातील सर्वजण एका थाई उपाहारगृहात गेलो होतो. ‘ड्रंकन नूडल्स’ हे नाव ऐकून माझ्या सासऱ्यांनी त्या ताटलीला हातही लावला नाही. वाढणाऱ्या मुलाला विचारले, तर त्यालाही नक्की सांगता आले नाही. या पदार्थात खरोखर दारू असते का? आणि तो कोणत्या शेफने शोधून काढला? (एक वाचक, सदाशिव पेठ)

आपल्या सासऱ्यांना निःशंक मनाने सांगावे की या पदार्थाच्या मूळ रीतीत दारूचा थेंबही नसतो. थाई भाषेत ‘माओ’ म्हणजे नशा चढलेला आणि ‘खी माओ’ म्हणजे त्याची सवय जडलेला माणूस. आपल्याकडे ज्याला तळीराम म्हणतात तो. परतण्यासाठी जो थाई शब्द आहे तोच मेनूकार्डावर ‘पॅड’ म्हणून येतो. म्हणजे नावाचा सरळ अर्थ झाला ‘तळीरामाचे परतलेले’. असे नाव का पडले, याच्या तीन-चार कथा सांगितल्या जातात. रात्री उशिरा झिंगत घरी आलेल्या माणसाने हाताला लागेल ते कढईत टाकून परतले, ही एक. पदार्थ इतका झणझणीत की खाल्ल्यावर नशा उतरते, ही दुसरी. आणि तो खाताना सोबत थंड बिअर लागतेच, ही तिसरी. या सर्व कथांमध्ये दारू खाणाऱ्याच्या पोटात किंवा पेल्यात आहे, कढईत नाही. परदेशातील काही स्वयंपाकी केवळ नावाला भुलून त्यात वाइन घालतात, त्यामुळे बाहेर खाताना एकदा स्वयंपाकघरात विचारून घेणे योग्य ठरेल. आपले सासरे शाकाहारी असतील, तर मात्र त्याहून महत्त्वाचा प्रश्न माशाच्या आणि कालवांच्या सॉसचा आहे. त्याविषयी शेवटच्या उत्तरात लिहिले आहे.

हा पदार्थ कोणा एका शेफने शोधलेला नाही. तांदळाच्या रुंद नूडल्स आणि त्या मोठ्या आचेवर कढईत परतण्याची पद्धत दक्षिण चीनमधून, विशेषतः तेओच्यू भाषा बोलणाऱ्या स्थलांतरितांबरोबर सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, आली. थाई लोक आजही नूडल्सना ‘क्वेतिआओ’ म्हणतात, तो शब्द तिकडचाच आहे. त्या चिनी पायावर मिरची, माशाचे सॉस आणि तुळशीच्या कुळातील पाने ही थाई भर पडली. मिरची मूळची अमेरिका खंडातील; पोर्तुगिजांच्या व्यापारामुळे ती सोळाव्या शतकात जशी गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली तशीच आग्नेय आशियातही पोहोचली. त्याची खूण दोन्ही भाषांनी जपली आहे. आपण मिरीवरून मिरची हे नाव पाडले. थाई लोकांनी ‘प्रिक’ हा तिखटाचा शब्द मिरचीला दिला आणि मिरीला ‘प्रिक थाय’, म्हणजे ‘थाई तिखट’, म्हणू लागले. पॅड खी माओमध्ये हिरव्या मिरीचे घोस आणि मिरची या दोन्ही गोष्टी एकाच कढईत पडतात, म्हणून हे येथे सांगावेसे वाटले.

प्रश्न : डोळ्यांवर मोठा गॉगल लावून कोळशाच्या शेगडीपुढे उभ्या राहणाऱ्या एका वृद्ध थाई स्त्रीविषयी मी माहितीपट पाहिला. या नूडल्ससाठी तिची ख्याती आहे असे कळले. रस्त्याकडेच्या दुकानाला मिशेलिनचा तारा कसा मिळाला, आणि तिच्या हातात असे वेगळे काय आहे? (एक वाचक, औंध)

आपण पाहिलेल्या स्त्रीचे नाव सुपिन्या जुन्सुता. पण बँकॉकमध्ये त्यांना ‘जे फाय’ याच नावाने ओळखतात. ‘जे’ हा चिनी वळणाचा थोरल्या बहिणीसाठीचा शब्द आणि ‘फाय’ म्हणजे अंगावरचा तीळ. आपल्याकडच्या बोलण्यात ‘तीळवाली ताई’ असेच त्याचे भाषांतर होईल. बँकॉकच्या जुन्या भागात महाचाय नावाचा रस्ता आहे, त्यावर त्यांचे सात-आठ टेबलांचे, रस्त्याला उघडे असलेले दुकान आहे. चिनी वंशाच्या, खाद्यपदार्थ विकून गुजराण करणाऱ्या कुटुंबात त्या वाढल्या, तरुणपणी शिवणकाम करीत होत्या, आणि आगीत ते सारे सामान गेल्यावर चुलीकडे वळल्या. म्हणजे ज्या वयात लोक हातातले काम पक्के झाले म्हणून निर्धास्त होतात, त्या वयात त्यांनी नवे काम पहिल्यापासून शिकून घेतले.

मिशेलिन ही फ्रेंच कंपनी उत्तम उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मार्गदर्शिका काढते. डिसेंबर 2017 मध्ये तिची बँकॉकविषयीची पहिली मार्गदर्शिका निघाली. त्यात तारा मिळालेली 17 ठिकाणे होती, बहुतेक मोठ्या हॉटेलांतली किंवा नावाजलेल्या शेफची. त्यांच्या रांगेत या दुकानाला एक तारा मिळाला. आपल्याला आश्चर्य वाटले ते स्वाभाविक आहे, परंतु मिशेलिनचा तारा हा ताटातील अन्नासाठी असतो, टेबलावरच्या कापडासाठी नव्हे. जिन्नसांचा दर्जा, तंत्रावरील हुकमत, चवींचा मेळ, स्वयंपाक्याचे स्वतःचे व्यक्तिमत्त्व पदार्थात उतरणे आणि प्रत्येक वेळी तोच दर्जा टिकणे, या गोष्टी परीक्षक तपासतात. त्याच्या आधीच्याच वर्षी, 2016 मध्ये, सिंगापूरमधील फेरीवाल्यांच्या दोन साध्या गाळ्यांनाही असे तारे मिळाले होते.

त्यांच्या हातात काय आहे, या आपल्या प्रश्नावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण या पदार्थाचे मर्म तेथेच आहे. पहिली गोष्ट म्हणजे जिन्नस. नूडल्स हे स्वस्तात पोट भरण्याचे अन्न, ही समजूत बँकॉकमध्येही आहे. जे फाय यांनी मात्र रस्त्यावरच्या दुकानात उत्तम प्रतीची मोठी कोलंबी, माकुळ आणि खेकड्याचे मांस वापरायचे ठरवले आणि त्याची पुरेपूर किंमत लावली. खेकड्याचे मांस ठासून भरलेले त्यांचे ऑम्लेट तारा मिळाला त्या सुमारास सुमारे 1,000 बाथला होते, तर त्याच शहरात साध्या गाड्यावर नूडल्सची थाळी 50-60 बाथला मिळत असे. त्यावर टीका झाली. परंतु माशाच्या बाजारात ज्याने एकदा तरी ताज्या आणि शिळ्या कोलंबीचा भाव विचारला आहे, त्याला त्यामागचा हिशेब समजेल.

दुसरी गोष्ट आच. त्या कोळशाच्या शेगडीवर स्वयंपाक करतात आणि कढईतून उडणाऱ्या कडकडीत तेलापासून व धुरापासून डोळे वाचावेत म्हणून, बर्फावर घसरण्याच्या खेळात वापरतात तसा गॉगल लावतात. छायाचित्रांमुळे तो गॉगल त्यांची ओळख बनला, पण तो शोभेचा नाही, तो कारागिराचा आहे. भट्टीपुढचा लोहार डोळे आणि हात जसे सांभाळतो, तेच हे आहे. फुललेल्या कोळशाची आच गॅससारखी बटण फिरवून कमी-जास्त होत नाही. कढई उचलून, तिरपी करून, निखारे सारून ती सांभाळावी लागते. परतलेल्या नूडल्सना तापलेल्या लोखंडाचा जो किंचित करपट, धुरकट सुवास येतो, त्याला थाई लोक ‘कढईचा गंध’ म्हणतात. सॉसची कितीही महाग बाटली आणली तरी तो गंध बाटलीतून येत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. सत्तरी ओलांडल्यावरही त्या प्रत्येक ताटली स्वतःच्या हाताने परतत राहिल्या. मदतनीस चिरणे, निवडणे, वाढणे ही कामे करतात. कढई मात्र त्यांच्याच हातात. त्यामुळे लोकांना तासन् तास थांबावे लागते, आणि ताऱ्यानंतरच्या गर्दीचा त्यांना स्वतःलाही त्रास झाला. तो त्यांनी मुलाखतींमधून लपवला नाही. हाताखाली दहा स्वयंपाकी ठेवून दुकान वाढवणे त्यांना सहज शक्य होते. 2021 मध्ये आशियातील उत्तम उपाहारगृहांच्या यादीच्या वतीने त्यांना ‘आयकॉन’ हा सन्मान मिळाला, तेव्हाही कढईपुढे त्याच उभ्या होत्या.

प्रश्न : मी युट्यूबवर पाहून दोनदा पॅड खी माओ करून पाहिले. दोन्ही वेळा नूडल्सचा चिकट गोळा झाला आणि चव उकडल्यासारखी लागली. सॉस सगळे आणले होते. घरच्या गॅसवर हे जमणारच नाही का? (एक वाचक, कोथरूड)

जमेल, परंतु आपण पत्रात ‘सहा जणांसाठी’ असा उल्लेख केला आहे, आणि माझ्या मते चूक तेथेच झाली. मी स्वतः पहिल्यांदा हा पदार्थ केला तेव्हा पाहुण्यांसाठी एकदम पाऊण किलो नूडल्स कढईत ओतल्या होत्या, आणि जे हाती आले ते चमच्याने कापून वाढावे लागले. त्यानंतर मी कधीही एका वेळी दीड ताटलीहून अधिक परतलेल्या नाहीत.

कारण असे आहे. कढई कितीही तापवली तरी तिच्यात साठलेली उष्णता मर्यादित असते. गार, ओलसर नूडल्सचा ढीग पडताच ती उष्णता संपते, आणि घरचा गॅस ती वेगाने भरून काढू शकत नाही. नूडल्सच्या अंगचे पाणी वाफ होऊन निघून जाण्याऐवजी कढईत साचते. पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या वर चढत नाही, आणि खरपूसपणा येण्यासाठी तर ते त्याच्या बरेच वर, सुमारे 140 अंशांच्या पुढे जावे लागते. म्हणजे आपण परततो आहोत असे वाटत असताना प्रत्यक्षात नूडल्स शिजत राहतात, त्यांच्यातील पिष्ट सुटते आणि त्याची खळ होते. चायनीजच्या गाडीवर ज्वाळा कढईच्या काठावर चढताना आपण पाहतो. त्या बर्नरची ताकद घरच्या शेगडीच्या अनेक पट असते, म्हणून तेथे चार ताटल्या एकदम होतात. घरी एकच ताटली करावी, ती वाढावी, आणि मग दुसरीला हात घालावा. सर्वांनी एकत्र बसून जेवण्याची आपली रीत त्यामुळे थोडी मोडते, हे खरे आहे, पण या पदार्थापुरते ते मान्य करावे.

नूडल्सविषयी आता सांगतो. थायलंडमध्ये या पदार्थाला ताज्या, बोटभर रुंद नूडल्स वापरतात. तांदळाचे पातळ पीठ ताटात पसरून वाफवायचे, तयार झालेली पातळ चकती सोलून काढायची आणि तिच्या पट्ट्या कापायच्या, अशी त्यांची कृती आहे. ज्या घरांत उन्हाळ्यात सालपापड्या होतात त्यांना हे ओळखीचे वाटेल: वाफेवरून काढलेली सालपापडी उन्हात न घालता तशीच ओली कापली, तर ती या नूडल्सची सख्खी बहीण शोभेल. पुण्यात ताज्या नूडल्स सहज मिळत नाहीत, वाळवलेल्या मिळतात. त्या उकळत्या पाण्यात टाकू नयेत. वरचा थर लगेच फुगून चिकट होतो आणि आतला गाभा कच्चा राहतो. साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवाव्यात, बोटाभोवती गुंडाळल्या जातील पण दाताला अजून कडक लागतील इतक्याच. जाड पोहे भिजवताना आपला हात जो अंदाज घेतो, तोच अंदाज येथे लागतो. मग पूर्ण निथळून, कोरड्या पंचावर पसरून ठेवाव्यात. ताज्या मिळाल्याच, तर फ्रिजमध्ये ठेवू नयेत. गारव्याने पिष्ट घट्ट होते आणि परतताना त्यांचे तुकडे पडतात.

कढई लोखंडाची किंवा बिडाची घ्यावी; रविवार पेठेत चांगली मिळते. नॉनस्टिक भांडे या कामाला निरुपयोगी आहे, कारण ते जितके तापायला हवे तितके तापवणे योग्य नाही. एका ताटलीसाठी 80 ग्रॅम वाळक्या नूडल्स, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या आणि तीन-चार लवंगी मिरच्या एवढे प्रमाण पुरते. लसूण-मिरची खलबत्त्यात भरड कुटावी; मिक्सरमधून काढलेली पेस्ट पाणी सोडते आणि जळते. एका वाटीत दोन लहान चमचे फिका सोया सॉस, एक लहान चमचा गडद सोया सॉस, एक मोठा चमचा ऑयस्टर सॉस, एक लहान चमचा माशाचे सॉस आणि अर्धा चमचा साखर आधीच कालवून ठेवावी, कारण कढईपुढे उभे राहिल्यावर बाटल्या शोधायला वेळ मिळत नाही.

कढईतून धूर निघू लागला की दोन मोठे चमचे तेल, लगेच कुटलेली लसूण-मिरची. ठसका उठेल, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दहा-पंधरा सेकंदांनी कोलंबी किंवा चिकन घालावे, शिजताच बाहेर काढावे. भाज्याही स्वतंत्र परतून काढाव्यात. मग कढई पुन्हा धुरावर आणावी, थोडे तेल, आणि नूडल्स. कालवलेले सॉस नूडल्सवर न ओतता कढईच्या तापलेल्या काठावरून सोडावे, म्हणजे ते लोखंडाला लागून करपते आणि तो कढईचा गंध थोडा तरी येतो. त्यानंतर अर्धा मिनिट उलथने खाली ठेवावे. हाच सर्वांत कठीण भाग आहे, कारण आपला हात सतत ढवळायला शिवशिवतो. नूडल्स कढईला टेकून राहिल्या तरच त्यांना डाग पडतात. मग एकदा उलटाव्यात, पुन्हा थांबावे, बाजूला काढलेले सर्व जिन्नस आणि हिरव्या मिरीचे दोन घोस घालावेत, पाने टाकून गॅस बंद करावा. नूडल्स घातल्यापासून तीन-चार मिनिटांत ताटली तयार व्हायला हवी.

प्रश्न : कृतींमध्ये ‘होली बेसिल’ लिहिलेले असते. ती आपली तुळसच का? वृंदावनातील पाने वापरली तर चालतील का? (एक वाचक, नारायण पेठ)

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने होय. थाई लोक जिला ‘क्राफाव’ म्हणतात ती आणि आपली तुळस एकाच जातीची आहे. आपल्याकडे हिरवी रामतुळस आणि जांभळट कृष्णतुळस असा भेद आहे, तसेच तेथेही पांढरी आणि तांबडी असे दोन प्रकार आहेत. दोन्हीकडे तिच्या वासात युजेनॉल हे लवंगेत असलेलेच द्रव्य येते. थाई वाणाची पाने चवीला अधिक तिखट आणि मिरीकडे झुकणारी असतात. आपल्या तुळशीचा काढ्याचा वास ठळक असतो, म्हणून ती घ्यायची झाल्यास निम्म्या प्रमाणात घ्यावी.

आपल्या प्रश्नातील दुसरा भाग मात्र वनस्पतिशास्त्राचा नाही. ज्या तुळशीला रोज पाणी घालून दिवा लावतो, तिची पाने कोलंबीच्या कढईत टाकायला अनेकांचे मन धजणार नाही, आणि घरात कोणाच्या गळ्यात माळ असेल तर प्रश्नच मिटला. थाई लोकही बहुसंख्य बौद्ध आणि श्रद्धाळू आहेत; त्यांच्याकडे ते पान स्वयंपाकाचे आहे, आपल्याकडे ते देवाचे आहे, आणि दोन्ही रीतींचा मान राखता येतो. माझी सूचना अशी की स्वयंपाकासाठी वेगळ्या कुंडीत सब्जा लावावा. फालुद्यात ज्याचे बी घालतो तोच सब्जा; तो थाई लोकांच्या दुसऱ्या सुगंधी पाल्याच्या, ‘होरफा’च्या, जातीचा आहे. पुण्याच्या हवेत तो कुंडीत जोमाने वाढतो. त्याचा वास बडीशेपेकडे झुकतो, म्हणून पदार्थ थोडा वेगळा लागेल, पण बँकॉकबाहेरची असंख्य थाई उपाहारगृहे हेच पान वापरतात.

प्रश्न : पॅड थाय आणि पॅड खी माओ यांत फरक काय? (एक वाचक, कॅम्प)

पॅड थायच्या नूडल्स अरुंद असतात, आणि त्याची चव चिंचेचा कोळ, ताडगूळ व माशाचे सॉस यांच्या आंबट-गोड मेळावर उभी असते. वर शेंगदाण्याचे कूट, मोड आलेली कडधान्ये आणि लिंबाची फोड येते. आमटीत चिंच-गूळ घालणाऱ्या पुणेकरांना तो लगेच आवडतो. त्याचा इतिहासही वेगळा आहे. 1939 मध्ये सयामचे नाव बदलून थायलंड करणाऱ्या पंतप्रधान फिबुनसोंगक्राम यांच्या सरकारने राष्ट्रीय अस्मितेच्या मोहिमेत नूडल्स खाण्याचा प्रचार केला, आणि पॅड थायला देशाचा पदार्थ म्हणून प्रतिष्ठा मिळाली. पॅड खी माओला असा राजाश्रय कधीच लाभला नाही. पॅड थायसाठी प्रसिद्ध असलेले, 1966 पासून चालू असलेले ‘थिप समाय’ हे दुकानही त्याच महाचाय रस्त्यावर, जे फाय यांच्यापासून काही पावलांवर आहे.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. माशाच्या सॉसला पर्याय आहे का? (एक वाचक, सहकारनगर)

आहे. माशाचे सॉस खारवलेल्या माशांपासून महिनोन् महिने मुरवून काढतात. त्याचे काम खारटपणाबरोबर एक खोल, भरलेली चव देण्याचे असते. त्याऐवजी दोन वाळवलेले शिताके मश्रूम अर्धी वाटी गरम पाण्यात भिजवून, ते पाणी आटवून दोन चमचे करावे आणि त्यात मीठ घालावे. ऑयस्टर सॉसऐवजी मश्रूमचे तयार सॉस मिळते, बाटलीवर हिरवा ठिपका पाहून घ्यावा. कोलंबीच्या जागी घट्ट टोफू तळून घालावा. पनीर घालू नये. दुधाचा स्निग्धपणा मिरची आणि लसणाची धार बोथट करतो. मश्रूमचे तुकडेही फेकू नयेत, बारीक चिरून लसणाबरोबरच कढईत घालावेत.